डाव्या चाकाचे उलटे आटे

जगातली एकही सैल वस्तू आमच्या थोरल्या साडूंच्या नजरेतून कधी सुटली नाही, आणि एकदा त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा कोणाच्या बापाला सुटली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. जामखेडजवळच्या खर्ड्यात त्यांचं किराणा दुकान होतं, आणि ते जे काही विकत ते आधी आवळत. त्यांनी दोऱ्यानं बांधलेली साखरेची पुडी गावातल्या बायका सरळ विळीवर धरत, कारण गाठ सोडण्याच्या भानगडीत पडलेल्या बाईचा चहा त्या दिवशी बिनसाखरेचा व्हायचा. "ह्या दुकानदाराची पुडी सोडायला माज्या दोन सुना लागत्यात," असं एक म्हातारी भर दुकानात म्हणाली, तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर पदवी मिळाल्याचा आनंद होता. डब्याचं झाकण असो, पोत्याचं तोंड असो, काट्याच्या दांडीवरचा बारीकसा स्क्रू असो, ते दोन बोटांनी चाचपून बघत, डोळे मिटत आणि म्हणत, "बसलाय, पर आनखी एक आटा मागतोय." मागणारा नेहमी तो स्क्रू असे. दाजी आपले देणारे.

नगरला, सावेडीतल्या आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी त्यांचं लक्ष दाराच्या कडीकडे जाई. चहा येईपर्यंत न्हाणीघरातला नळ झालेला असे, चहानंतर कुकरचा दांडा, मग माझी स्कूटर. ते गेल्यावर नळ उघडायला मला पकड घ्यावी लागे, आणि चार दिवसांत आतला वायसर फाटून तो नळ धारेनं गळायला लागे. पुढच्या खेपेला दाजी तो गळणारा नळ बघून मान हलवत आणि म्हणत, "बघा, मागल्या येळी मी जरा भीतभीतच आवळला हुता." एकदा मी दुपारी डुलकी काढत असताना उशाशी ठेवलेल्या माझ्या चष्म्याचे दोन्ही बारीक स्क्रू त्यांनी बसवून दिले. त्यानंतर त्या चष्म्याच्या काड्या काही केल्या मिटेनात. काड्या पसरलेला चष्मा खिशात मावत नाही, त्यामुळे मी तो हातात धरून ऑफिसला जाऊ लागलो आणि साहेबांना वाटलं, चष्मा काढून समोर उभा आहे म्हणजे मी राजीनामा द्यायला आलोय. मी चिडलो की बायको म्हणायची, "प्रेमानं करतात हो." प्रेमानं करतात हे मलाही दिसत होतं, पण चष्मा मिटत नव्हता त्याचं काय करायचं?

या माणसाबरोबर संसार केला तो अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं. अक्का अंगानं बारीक, पण हसायला लागल्या की पदर तोंडाशी धरूनही आवाज ओसरीपर्यंत यायचा. स्वतःच्या लग्नातली गोष्ट त्या दरवेळी नव्यानं सांगत. "मंगळसूत्राची गाठ बांधाया ह्यांनी असा काय जोर लावला, की भटजी म्हनले, अहो नवरदेव, गळा हाय तो!" दाजी बाजूला बसून गंभीरपणे सांगत, "पर सुटली का आजपतूर?" दुसऱ्या एका लग्नात त्यांच्या पायजम्याची नाडी ऐन पंगतीआधी कात्रीनं कापावी लागली होती, ती गोष्ट अक्का अर्ध्यावरच सोडत, कारण पुढं त्यांना हसू आवरत नसे. त्यांच्या घरात एकच गोष्ट सैल होती आणि ती म्हणजे अक्कांचं हसणं, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर दाजींनी बराच वेळ विचार केला आणि "ते तसंच बरं हाय" असं उत्तर दिलं.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. एका उन्हाळ्यात दाजींनी जीप घेतली. कुठल्याशा खात्यानं लिलावात काढलेली, रंग उडालेली, पण इंजिन चांगलं होतं. घेऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. दुकानाच्या भिंतीला डावी बाजू अगदी खेटून ते ती उभी करत, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट पान्यानं आवळत. डाव्या बाजूला भिंत असल्यामुळे ती चाकं त्यांच्या तावडीतून वाचली होती. हे वाचणंच पुढं आमच्या अंगाशी आलं.

त्याच दिवसांत अक्का आजारी पडल्या. बाईमाणसं जी दुखणी कोणाला सांगत नाहीत त्यातलं ते दुखणं, आणि सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. गर्भपिशवीत गाठ होती, रक्तस्राव थांबत नव्हता. जामखेडच्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच दाजींना बाजूला नेऊन सांगितलं, अंगात रक्तच उरलेलं नाही, अशा स्थितीत मी टेबलावर घेणार नाही. आज दिवस मावळायच्या आत नगरहून रक्त आणा, आजच ऑपरेशन करतो, उद्यावर टाकण्यात अर्थ नाही. माझी बायको आदल्या दिवशीच बहिणीपाशी जाऊन बसली होती. सकाळी दाजींची जीप सावेडीत माझ्या दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रक्तपेढीत मी रक्त दिलं, दुपारपर्यंत तिष्ठल्यावर त्या बदल्यात अक्कांच्या गटाचं रक्त मिळालं. दोन पिशव्या फडक्यात गुंडाळून, भोवती बर्फ घालून, मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवल्या. झाकण दाजींनी लावलं. कसं लावलं ते सांगायला नको. तिथली बाई म्हणाली, "अहो काका, बास," तरी त्यांचं मनगट आणखी एकदा वळलंच. मग तो थर्मास माझ्या मांडीवर ठेवून आम्ही जामखेडच्या रस्त्याला लागलो. दुपार टळत होती. दाजी एरवी गाडी चालवताना सबंध रस्ता कोणती पाटी वाकडी आहे आणि कोणत्या मैलाच्या दगडाला सिमेंट कमी पडलंय हे सांगत असत. त्या दिवशी ते समोर बघत होते आणि मधूनच एवढंच विचारत होते, "गार लागतोय का हाताला?" थर्मास बाहेरून गार लागत नसतो, पण मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो.

चिचोंडी पाटील मागं पडल्यावर मागून फडफड आवाज आला आणि जीप एका बाजूला कलली. मागचं डावं चाक बसलं होतं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं. थर्मास मी बाभळीच्या सावलीत ठेवला, त्यावर दाजींनी आपला टॉवेल भिजवून घातला आणि पाना घेऊन ते चाकापाशी उकिडवे बसले. बोल्टांवर चिखल वाळला होता. तो खरवडताना बोल्टाच्या तोंडावर इंग्रजी एल अक्षर दिसलं.

"एल म्हंजी काय ओ?" दाजींनी विचारलं.

"लेफ्ट असेल. डावं चाक."

"डाव्या चाकाला डावं म्हनून लिहायचं? उद्या बैलाच्या पाठीवर बैल लिहितील." असं म्हणून त्यांनी पाना नटावर बसवला आणि आपण सगळे नट सोडायला फिरवतो त्या बाजूला जोर लावला.

नट हलेना. दाजींनी हातावर थुंकून पुन्हा जोर लावला. मीही हात दिला. तरी हलेना. गंजलाय, असं आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं. मग दाजी उठले, जीपच्या कडेला धरून पान्याच्या दांडीवर उभे राहिले आणि सगळ्या वजनानिशी त्यांनी दोनदा खाली दाब दिला. तिसऱ्या दाबाला कट्ट असा आवाज झाला आणि पाना खाली आला.

"सुटला!" दाजी ओरडले. पंधरा दिवसांत जेवले नसल्यासारखा उतरलेला त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. त्यांनी पाना उचलून बघितला. त्यात नट होता, आणि नटाच्या आत बोल्टाचा तुकडा होता. चाकावर जिथं बोल्ट होता तिथं चकचकीत ताजी जखम दिसत होती. पाचातला एक गेला होता आणि उरलेले चार तसेच घट्ट बसले होते. दाजी त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. का ठेवला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या नटावर पाना बसवायला ते पुन्हा वाकले आणि मी त्यांचा हात धरला. "आणखी एक तुटला तर चाक राहणार नाही, दाजी." त्यांनी पाना खाली ठेवला. मी टॉवेल उचलून थर्मासला हात लावला आणि मला काहीच कळलं नाही, बर्फ उरलाय की पाणी झालंय. रस्त्यावरून एक एसटी गेली, माणसं दाराला लोंबकळत होती, आम्ही दोघांनी हात केले तरी थांबली नाही. मग बराच वेळ काहीच आलं नाही. सावल्या लांबायला लागल्या होत्या. तिकडं माझी बायको दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे बघत असणार हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दाजींना काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

शेवटी कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. चालक म्हणाला, "म्या आष्टीपतूरच हाय. म्होरं तुमचं तुमी बघा. एकच जन बसंल." आष्टीला पुढची एसटी कधी मिळेल याचा नेम नव्हता, पण जितकं पुढं जाता येईल तितकं जावं. "दाजी, तुम्ही निघा. मी गाडीपाशी थांबतो," म्हणत मी थर्मास त्यांच्या हातात दिला. ते चालले. टेम्पोच्या पायरीवर त्यांनी एक पाय ठेवला आणि तिथंच थांबले. टेम्पोच्या मागं, गोण्यांवर, दोरीनं एक सायकल बांधलेली होती. दाजी त्या सायकलकडे बघत होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "सायकलचं डावं पायडल कसं सुटतं?"

मला वाटलं, ऊन लागलं. चालकानं भोंगा दिला. "बसताय का जाऊ?"

"कसं सुटतं, सांगा की!"

"मला काय माहीत, दाजी! बसा आधी!"

"उलटं!" दाजी म्हणाले. "डाव्या पायडलाला उलटं आटं असत्यात. न्हाईतर पाय मारता मारता ते निखळून पडंल. एल म्हंजी डाव्या अंगाचं चाक न्हाई, डावं आटं!" आणि त्यांनी पाय खाली घेतला. "जा तू, बाबा."

टेम्पो गेला. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. माझ्या बायकोच्या बहिणीचा जीव त्या थर्मासमध्ये होता आणि मिळालेलं वाहन यांनी सायकलच्या पायडलावरून सोडून दिलं होतं. मी तसं बोललोही. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दाजींनी ऐकून घेतलं, थर्मास माझ्या हातात दिला, पाना नटावर बसवला आणि तो नेहमीच्या उलट्या बाजूला, म्हणजे आपण आवळायला फिरवतो तसा फिरवला. नट कुरकुरला आणि आला. दुसरा आला, तिसरा आला, चौथा आला. मघाशी आम्ही सोडवतोय म्हणून पहिला नट आवळत होतो; दुकानाची भिंत आड नसती तर डाव्या चाकांचे उलटे आटे दाजींना पहिल्याच दिवशी कळले असते. ज्या माणसानं जन्मभर सगळं आवळलं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून काही सोडायला घेतलं आणि तेही आवळून मोडलं, हे मला त्या रस्त्यावर सुचलं आणि मी हसलो नाही.

जॅक लावून चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट हातानं बसवले. आता आवळायचे होते. चारच उरले होते आणि त्यातला एकही गमावून चालणार नव्हता. दाजींनी पाना हातात घेतला, नटावर ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुमी आवळा, पाव्हणं. माज्या हाताला थांबाया येत न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांनी पाना दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. मी नट आवळत होतो, आणि ते बाभळीखाली माझ्याकडे पाठ करून बसले होते, थर्मास मांडीवर घेऊन. प्रत्येक नट बसला की पान्याचा आवाज बदले आणि त्यांची मान किंचित वळे. एकदा त्यांनी तोंड उघडलं. मला पक्कं माहीत होतं काय येणार ते. पण त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि फक्त विचारलं, "बसला का?"

"बसला," मी म्हणालो.

"मग चला."

पुढचा सबंध रस्ता आम्ही दोघं त्या मागच्या डाव्या चाकावर बसून गेलो असं म्हटलं तरी चालेल. जरा खडखडलं की दाजींचा पाय ब्रेककडे जाई आणि मी मागं वळून बघे; खडखडत होता तो मागं टाकलेला जॅक. कडा गेलं, आष्टी गेली. एका उतारावर ते थांबले, मी उतरून नटांवरून हात फिरवला, चारही जागेवर होते, पुन्हा निघालो. दाजी एका शब्दानंही "जरा आवळून घ्या" म्हणाले नाहीत. जामखेडात शिरलो तेव्हा ऊन छपरांवरून उतरत होतं. दवाखान्याच्या पायरीवर माझी बायको उभीच होती. तिनं नुसता आत हात केला.

आता मला नवीच धास्ती वाटू लागली होती, ती थर्मासच्या झाकणाची. ते झाकण लावणारा हात मी पाहिला होता. नर्सनं थर्मास टेबलावर ठेवला, झाकणाला हात घातला आणि मी तिला सांगायला पुढं झालो की थांबा, पकड आणतो. पण झाकण सहज फिरलं. आत फडक्यात गुंडाळलेल्या पिशव्या होत्या आणि भोवती बर्फाचे दोनचार तुकडे अजून तरंगत होते. मी दाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमी तिकडं नट आवळत हुता ना, तवा मी हे सैल करून ठिवलं. हितं कुणाला सुटलं नसतं तर?"

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन "ठीक आहे" एवढंच म्हणाले आणि दाजी बाकावर खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शुद्धीवर होत्या, तोंडावर जराशी कळा आली होती. दाजींना बघून त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "काल लई येळ लागला म्हनं?" दाजी रस्त्याला दोष देतील, लिलाववाल्यांना देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी खिशातून बोल्टाचा तुकडा काढला आणि अक्कांपुढे धरला. "मी तोडला. सोडाया गेल्तो."

अक्का त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. हाताशी पदर नव्हता म्हणून त्यांनी दवाखान्याची चादर तोंडाशी ओढली. "न्हाई ओ, हसवू नगा. टाकं दुखत्यात. आई गं!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. दाजी कॉटच्या कडेला उभे राहून बघत होते, आणि त्यांचेही डोळे भरून आले होते, पण ते हसत नव्हते.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. एका दुपारी दुकानातच गादीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मी आणि बायको अक्कांना सावेडीला चला म्हणून समजावत बसलो होतो. एकट्या कशा राहणार, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण आहे, हेच सगळं आम्ही फिरून फिरून बोलत होतो. अक्का शांतपणे ऐकत होत्या. आमचं बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"त्या दिवशी तुमी दोघं येळेवर पोचला ते लई बरं झालं बघा," त्या म्हणाल्या. "तवा मी गेले असते, तर ह्यांना एकट्याला ऱ्हाता आलं नसतं. मला येतंय."

आम्ही पुन्हा सावेडीचा विषय काढला नाही. परतताना खर्डा मागं पडेपर्यंत माझी बायको खिडकीबाहेर बघत होती.